पुस्तक लिहून व्हायच्या आधी या

महाराष्ट्रातले खासगी न्यास, स्मृती प्रतिष्ठानं आणि उद्योगसमूहांच्या सीएसआर (कंपन्यांनी करायच्या सामाजिक खर्चाच्या) समित्या यांच्या विश्वस्तांना,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी पुरस्कारांच्या प्रवेशिका मागवणारी तुमची निवेदनं वर्तमानपत्रात येऊ लागली की आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांच्या घरी पुस्तकांची पार्सलं बांधायला सुरुवात होते. मी लिहिते, अनुवाद करते, आणि तुमच्यापैकी काहींच्या निवड समित्यांवर परीक्षक म्हणूनही बसले आहे. आईच्या किंवा वडिलांच्या नावाने ठेव ठेवून तिच्या व्याजातून वर्षानुवर्षं न चुकता पुरस्कार देणारी माणसं मी पाहिली आहेत. परीक्षकांच्या बैठकीला पूर्ण वेळ थांबून, निकालात एका शब्दानेही ढवळाढवळ न करणारे विश्वस्त पाहिले आहेत. तुमच्याविषयी आदर आहे म्हणूनच एक मागणी जाहीरपणे करते आहे. पुरस्कारांवर तुम्ही जो पैसा खर्च करता त्यातला निदान निम्मा पैसा पुस्तक, नाटक किंवा चित्र तयार होत असताना द्या. तयार झाल्यावर नव्हे.

आधी हिशेब मांडते. मराठीत कथाकवितेच्या, कादंबरीच्या पुस्तकाची पाचशे प्रतींची आवृत्ती आता नेहमीची झाली आहे. पुस्तकाची किंमत चारशे रुपये धरली आणि मानधन दहा टक्के धरलं, तर सगळ्या प्रती खपल्यावर लेखकाच्या हाती वीस हजार रुपये येतात. त्या कादंबरीवर तीन वर्षं गेली असतील तर महिन्याला साडेपाचशे रुपये पडले. आता पुरस्कारांकडे या. बहुतेक संस्था प्रत्येकी तीन प्रती मागतात. दहा ठिकाणी पुस्तक पाठवलं तर तीस प्रती, म्हणजे छापील किमतीने बारा हजारांचा माल. मोठा प्रकाशक या प्रती स्वतः पाठवतो. लहान प्रकाशकाला ते परवडत नाही, मग लेखक पदरचे पैसे घालून आपलंच पुस्तक विकत घेतो आणि वर कुरिअरचा खर्च करतो. काही ठिकाणी हल्ली प्रवेश शुल्कही घेतात. म्हणजे तुमच्या पुरस्काराची पहिली गुंतवणूक लेखकाचीच असते.

परीक्षकाच्या घरी ही पुस्तकं गोणपाटाच्या पोत्यातून किंवा खोक्यांतून येतात. सुतळी कापून पुस्तकं जमिनीवर मांडली की काही गोष्टी लगेच दिसतात. कितीतरी पुस्तकांत शेवटची शंभर पानं घाईत उरकलेली असतात. सुरुवातीची प्रकरणं दोनतीनदा लिहिलेली जाणवतात, माणसं उभी राहिलेली असतात, बोली कानात वाजत असते. मग कुठेतरी दम तुटतो. मराठवाड्यातल्या एका प्राथमिक शिक्षकाची कादंबरी अशीच माझ्याकडे आली होती. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीचा मुकादम, त्याने दिलेली आगाऊ रकमेची उचल, कोपीतली म्हणजे झोपडीतली पहाट, हे सगळं त्याने ज्या बारकाईने लिहिलं होतं तसं मी आधी वाचलं नव्हतं. पुढचा कारखान्याचा भाग मात्र वर्तमानपत्राच्या बातमीसारखा सपाट. पुढे कधीतरी त्यांच्याशी बोलणं झालं तेव्हा कळलं, तो भाग लिहायला त्यांना एक अख्खा गळीत हंगाम टोळीबरोबर राहायचं होतं. बिनपगारी रजा घेतली असती तर घराचा हप्ता थकला असता. ते राहून गेलं. अशा लेखकाला छापून झालेल्या पुस्तकाबद्दल आपण पंचवीस हजार रुपये आणि मानपत्र देतो. तेच पैसे दोन वर्षं आधी, थोडे जास्त, मिळाले असते तर मराठीला एक मोठी कादंबरी मिळाली असती असं मला मनापासून वाटतं.

पुरस्काराच्या रकमेपेक्षा समारंभाचा खर्च जास्त होतो हे तुम्हालाही ठाऊक आहे. सभागृहाचं भाडं, व्यासपीठावरची फुलं, फ्लेक्स, मुंबईहून येणाऱ्या प्रमुख पाहुण्यांचा प्रवास आणि मुक्काम, शाली, स्मृतिचिन्हं, स्मरणिका, अल्पोपाहार. माझ्या एका मैत्रिणीला एका संस्थेचा काव्यपुरस्कार मिळाला, तेव्हा प्रवासखर्च स्वतः करावा असं पत्रातच लिहिलेलं होतं. रात्रभर एसटीने ती पोचली. पाहुण्यांची भाषणं लांबली, तिला बोलायला पाच मिनिटं मिळाली, कविता वाचायला वेळ उरला नाही. पाकिटातली रक्कम येण्याजाण्यात आणि लॉजच्या खोलीतच गेली. समजा एखादी संस्था वर्षाला पाच लाख रुपये समारंभावर घालते. त्याच पाच लाखांत एका लेखकाला महिना पंचवीस हजारांप्रमाणे वीस महिने मिळतात. समारंभ साधा करा, शहरातल्या वाचनालयाच्या खोलीत करा, तिथे लेखकाला तासभर वाचू द्या. वाचक येतील.

काम होत असताना पैसा दिला की काय घडतं याची उदाहरणं आपल्या डोळ्यांसमोर आहेत. गिरीश कार्नाड यांना 1970 ते 1972 या काळात होमी भाभा फेलोशिप होती. 'हयवदन' हे नाटक याच काळातलं. विजय तेंडुलकरांनी 1973-74 मध्ये नेहरू फेलोशिप घेऊन समाजातल्या हिंसेचा अभ्यास केला, त्यासाठी ते देशभर फिरले. तेंडुलकरांच्या नंतरच्या लिखाणात माणसाच्या क्रौर्याविषयीची जी जाण दिसते तिच्यामागे हे फिरणं आहे. चित्रकार अकबर पदमसी यांची गोष्ट तर मला फार आवडते. 1969-70 मध्ये मिळालेल्या नेहरू फेलोशिपच्या पैशातून त्यांनी मुंबईत कॅमेरा आणि उपकरणांची एक सामायिक कार्यशाळा उभारली आणि ती इतरांना खुली केली. चित्रपट दिग्दर्शक मणी कौल आणि कुमार शहानी, चित्रकार नलिनी मलानी यांची पावलं तिथे लागली. एका माणसाला दिलेला पैसा इतक्यांच्या कामी आला. त्या पैशाच्या बदल्यात ठरलेल्या तारखेला व्यासपीठावर येऊन शाल घ्या असं कोणी म्हटलेलं नव्हतं.

पैशाइतकीच जागाही महत्त्वाची असते, आणि जागा तर तुमच्याकडे आहेत. मुंबईत वॉर्डन रोडवर समुद्राकाठी भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट होती. पन्नास-साठच्या दशकांत तिथल्या खोल्या नाममात्र भाड्याने कलावंतांना मिळत. गायतोंडे आणि हुसेन तिथे चित्रं काढत, रविशंकरांची 'किन्नर' संस्था तिथे होती, दिग्दर्शक इब्राहिम अल्काझींचं थिएटर युनिट गच्चीवर नाटकं करत असे आणि विजया मेहतांच्या 'रंगायन'लाही तिथे तालमीची जागा मिळाली. एका जिन्यावर चित्रकार, सतारवादक आणि नट एकमेकांना भेटत होते. मराठी प्रायोगिक नाटक त्यातून किती घडलं हे त्या पिढीतल्या लोकांनी लिहून ठेवलं आहे. तिथे आता उंच इमारत आहे. पुढे 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलने तेच काम केलं. शाळा सुटल्यावर बाकं सरकवायची, 'आविष्कार' नाट्यसंस्थेची मंडळी प्रयोग लावायची, सकाळी पुन्हा वर्ग. त्या हॉलला पुरस्कार देता आला नसता, पण तो नसता तर पुढे ज्यांना पुरस्कार मिळाले त्यातले निम्मे लोक उभेच राहिले नसते. तुमच्या ट्रस्टच्या किती शाळा, किती हॉल, किती जुने बंगले संध्याकाळी कुलूपबंद असतात? नाशिक, लातूर, चंद्रपूर, रत्नागिरी अशा गावांत तालमीला जागा मिळावी म्हणून तरुण मुलं मंगल कार्यालयाच्या मालकांच्या विनवण्या करत असतात.

अमळनेरचंही सांगायला हवं. 2024 मध्ये तिथे साहित्य संमेलन झालं तेव्हा पुष्कळांना ते गाव नव्याने कळलं. गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी 1916 मध्ये तिथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी, अभ्यासकांनी येऊन राहावं, वाचावं, विचार करावा, एवढ्यासाठी. तरुण साने गुरुजी तिथे आले आणि मग प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. बडोद्यात सयाजीरावांनी दोन लाख रुपये बाजूला काढून त्यांच्या व्याजातून साहित्यमाला चालवली, ग्रंथ लिहून घेतले, लिहिणाऱ्यांना मोबदला दिला. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड श्रीधर व्यंकटेश केतकरांनी मर्यादित कंपनी काढून, लोकांना भाग विकून उभे केले. हे सगळे पैसे काम सुरू व्हायच्या आधी किंवा सुरू असताना आलेले आहेत. आपल्याकडे ही रीत जुनीच आहे. गेल्या चाळीसेक वर्षांत ती मागे पडली आणि शाल-श्रीफळाची रीत पुढे आली.

आता उद्योगसमूहांसाठी थोडं कायद्याचं. 2013 च्या कंपनी कायद्यातल्या कलम 135 नुसार पात्र कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कला-संस्कृतीचं जतन, सार्वजनिक ग्रंथालयं, पारंपरिक कला आणि हस्तकला यांचा स्पष्ट उल्लेख आहे. जून 2014 मध्ये केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने काढलेल्या परिपत्रकात मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिराती, टीव्ही कार्यक्रमांचं प्रायोजकत्व असे एकेकटे कार्यक्रम या खर्चात धरता येणार नाहीत असं सांगितलेलं होतं. 2021 च्या नियमांनी मार्केटिंगच्या फायद्यासाठी केलेलं प्रायोजकत्व वगळलं. त्याच नियमांत 'सुरू असलेला प्रकल्प' अशी तरतूद आहे. ज्या वर्षी काम सुरू झालं ते वर्ष सोडून आणखी तीन वर्षं त्यावर खर्च करता येतो. एक कादंबरी, एक चरित्र, एखाद्या बोलीचा कोश, एखाद्या लोककलेचं दस्तावेजीकरण यांना साधारण इतकाच काळ लागतो. तुमच्या कंपनी सेक्रेटरींना हे माहीत आहे. तरीही कलेसाठीचा प्रस्ताव समितीपुढे आला की तो कार्यक्रमाचाच असतो, कारण कार्यक्रमाचा फोटो निघतो. नोंदणीकृत संस्थेमार्फत चार वर्षांची लेखनवृत्ती योजना करणं तुमच्या कायद्यात नीट बसतं.

कोणी म्हणेल, पैसे घेऊन लेखकाने लिहिलंच नाही तर? काही जण लिहिणार नाहीत, हे आधीच मान्य करा. प्रयोगशाळांना संशोधनासाठी पैसे देताना प्रत्येक प्रयोग यशस्वी होईल अशी अट कोणी घालत नाही. शिवाय निवड नीट करणाऱ्या संस्था देशात आहेत. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स 1995 पासून कलावंतांना आणि अभ्यासकांना प्रकल्पासाठी अनुदान देते आणि इंग्रजीखेरीज भारतीय भाषांमधले अर्जही स्वीकारते. न्यू इंडिया फाउंडेशन मराठीसह दहा भाषांतून इंग्रजीत अनुवाद करणाऱ्यांना सहा महिन्यांसाठी सहा लाखांची वृत्ती देते. मी अनुवादाचं काम करते म्हणून सांगते, सहा महिने दुसरं काही काम न करता एकाच पुस्तकापाशी बसता येणं ही आमच्या व्यवसायात जवळजवळ अशक्य गोष्ट आहे. पण हे झालं मराठीतून इंग्रजीत. कन्नड, बंगाली, उर्दूतून मराठीत आणणाऱ्या अनुवादकासाठी, किंवा मूळ मराठीतच लिहिणाऱ्यासाठी, महाराष्ट्रात तुमच्यापैकी किती जण अशी वृत्ती देतात? नाटकासाठी पुण्यात विनोद दोशी फेलोशिप आहे, आणि तिचा उपयोग झालेली तरुण मंडळी मला ठाऊक आहेत. साहित्यात अशी सोय शोधावी लागते.

निवड कोण करतं, हा प्रश्न मात्र पैशाइतकाच मोठा आहे. जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक 1855 मध्ये दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिलं. तिथल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही आणि नाटक नाकारलं गेलं, असं त्यांनी स्वतः 'गुलामगिरी'त नोंदवलं आहे. मराठीतल्या पहिल्या आधुनिक नाटकांपैकी एक, आणि पुस्तकांना बक्षीस देण्यासाठीच नेमलेल्या समितीने ते परत पाठवलं. म्हणून तुमच्या समितीवर कोण बसतं ते आधी बघा. पुणे-मुंबईच्या तीन प्राध्यापकांना चंद्रपूरच्या झाडीपट्टी नाटकाची, नंदुरबारच्या भिली कवितेची किंवा कोल्हाट्याच्या आत्मकथनाची पारख करायला लावू नका. परीक्षकांची नावं आधी जाहीर करा, दर तीन वर्षांनी ती बदला, आणि ज्यांना नाकारलं त्यांना दोन ओळींचं का होईना, कारण कळवा. प्रवेशिका मागवणं बंद करा. परीक्षकांना मानधन द्या आणि पुस्तकं शोधून विकत घ्यायला लावा. त्यामुळे लहान प्रकाशकाच्या चार प्रती विकल्या जातील आणि ज्याला अर्ज करायची लाज वाटते असा लेखकही नजरेत येईल.

डिसेंबर 2022 मध्ये राज्य सरकारने कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या पुस्तकाच्या मराठी अनुवादाला जाहीर केलेला पुरस्कार शासन निर्णय काढून रद्द केला. निवड समिती सरकारनेच नेमलेली होती. त्यानंतर काही सदस्यांनी राजीनामे दिले, काही लेखकांनी पुरस्कार परत केले. तेव्हापासून आमची अपेक्षा तुमच्याकडून वाढली आहे. जाहीर झालेली मदत कोणत्याही दबावाखाली मागे घेतली जाणार नाही, अशी एक ओळ आपल्या न्यासाच्या नियमावलीत लिहा आणि ती वेबसाइटवर लावा. असं लिहून दिलेल्या न्यासाच्या पैशाला लेखकाच्या मनात वेगळी किंमत राहील.

पैसा कुठून येतो हेही आम्ही विचारणार, आणि त्याचं तुम्हाला वाईट वाटू नये. फेब्रुवारी 2023 मध्ये तमिळ कवयित्री सुकीर्तराणी यांनी एका पुरस्काराच्या मुख्य प्रायोजकाचं नाव पाहून तो नाकारला. 2024 मध्ये शंभराहून अधिक लेखक, अनुवादक, प्रकाशकांनी यंत्रं बनवणाऱ्या जेसीबी कंपनीच्या साहित्य पारितोषिकाविषयी उघड निषेधपत्र काढलं, कारण त्या कंपनीच्या यंत्रांनी घरं पाडली जात होती. तरीही त्या पारितोषिकाने एक चांगली गोष्ट केली होती हे मी नोंदवते. पंचवीस लाखांच्या त्या पुरस्कारात पुस्तक अनुवादित असेल तर अनुवादकाला वेगळे दहा लाख मिळत, आणि बेन्यामिन, एस. हरीश, खालिद जावेद, पेरुमाल मुरुगन अशा भारतीय भाषांतल्या लेखकांना त्याने मोठा वाचक मिळवून दिला. 2018 मध्ये सुरू झालेलं ते पारितोषिक 2024 नंतर थांबलं. दक्षिण आशियाई साहित्यासाठीचं डीएससी पारितोषिकही असंच काही वर्षांत संपलं. एका कंपनीच्या किंवा एका कुटुंबाच्या मर्जीवर चालणाऱ्या गोष्टीचं हे होतंच. उलट नाशिकचा जनस्थान पुरस्कार 1991 पासून एक वर्षाआड दिला जातो आहे, आणि त्याच्या यादीत तेंडुलकर, विंदा, इंदिरा संत यांच्याबरोबर नारायण सुर्वे आणि बाबुराव बागूलही आहेत. त्यामागे एका कवीच्या नावाचं प्रतिष्ठान आहे. म्हणून कायमनिधी, म्हणजे मूळ रक्कम तशीच ठेवून फक्त व्याज खर्च करायचा निधी, उभा करा. सीएसआरचा पैसा कायमनिधीत टाकता येत नाही, 2021 पासून तसा नियमच आहे. तेव्हा तो निधी कुटुंबाने, मालकांनी आपल्या वैयक्तिक संपत्तीतून द्यावा, आणि कंपनीच्या पैशातून चालू योजना चालाव्यात.

जीवनगौरवाबद्दल थोडं बोलून संपवते. विठाबाई नारायणगावकरांचा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला. 2002 मध्ये त्या गेल्या, तेव्हा दवाखान्याच्या बिलासाठी लोकांना मदत गोळा करावी लागली होती. तमाशाच्या फडाला हंगामाआधी सावकाराकडून उचल घ्यावी लागते, पाऊस आला किंवा जत्रा रद्द झाली की ती फिटत नाही, आणि पुढच्या वर्षी तोच फड दुप्पट कर्जाने उभा राहतो. वयाच्या ऐंशीव्या वर्षी एका ढोलकीवाल्याला लाखाचा धनादेश देण्यापेक्षा, चाळिशीत त्याचा आरोग्य विमा भरा आणि फडाला बिनव्याजी उचल द्या.

एप्रिलपासून तुमचं नवीन आर्थिक वर्ष सुरू होतं. वार्षिक आराखड्यात एक योजना घाला. पाच लिहिणाऱ्यांना दोन वर्षं, दरमहा जगता येईल इतकी रक्कम. एक खोली जिथे बसता येईल. अर्ज मराठीत, दोन पानांचा, त्यासोबत लिहून झालेली वीस पानं. वर्षातून एकदा कामाचा आढावा, समारंभ नाही. अटी कशा असाव्यात, परीक्षक कोण असावेत, यावर तुमच्या बैठकीत येऊन बोलायला मी आणि माझ्यासारखे अनेक जण तयार आहोत. बोलावणं पाठवा, प्रवासखर्च आमचा आम्ही करू.

आपली,
एक मराठी लेखिका आणि अनुवादक